सकाळ नसलेली अकरा कार्डं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये राहत असताना माझी नोकरी दुसऱ्याच एका देशातलं ऊन मोजण्याची होती. हे सांगितलं की लोक आधी हसायचे. जानेवारीत दुपारी चारला दिवे लावावे लागतात अशा गावात, हीटरला पाय टेकवून, जिथे वर्षातून जेमतेम चार वेळा पाऊस पडतो तिथल्या उन्हाचा अंदाज बांधायचा. पण काम खरंच होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. पुढे तिथल्या एका माणसाची चूक येणार आहे, आणि ती त्याची एकट्याची आहे.

त्या देशाकडे तेल नव्हतं, पाणी नव्हतं, ऊन मात्र होतं. विहिरीवरच्या पंपापासून दवाखान्यातल्या फ्रिजपर्यंत सगळं बाहेरून आणलेल्या डिझेलवर चालायचं. म्हणून तिथल्या सरकारला मोठं सौर वीज केंद्र उभारायचं होतं आणि त्यासाठी दोन जागा बघून ठेवल्या होत्या, एक किनाऱ्याजवळ आणि एक आतल्या पठारावर. पैसे घालणारी मंडळी म्हणत होती, ऊन भरपूर आहे हे आम्हालाही दिसतंय, पण नक्की किती आणि दरवर्षी तेवढंच पडतं का, ते दाखवा. उपग्रहाचे आकडे होते, पण ते जमिनीवरच्या जुन्या नोंदींशी ताडून बघावे लागत. तिथे बसवलेल्या नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला एकच वर्ष झालं होतं, आणि त्यातले बरेच दिवस त्याच्या काचेवर धूळ बसलेली होती. जुन्या नोंदी सापडल्या त्या पठारावरच्या एका छोट्या वेधशाळेत. त्या विश्वासाच्या ठरल्या तर पठार टिकणार होतं, नाहीतर ती जागा अहवालातून बाद.

या नोंदी म्हणजे कार्डं. मोकळ्या जागी एका खांबावर काचेचा भरीव गोळा बसवतात. त्याच्यामागे वाटीसारख्या खोबणीत जाड कागदाची एक पट्टी सरकवतात, तिच्यावर तासांच्या रेघा छापलेल्या असतात. ऊन गोळ्यातून गेलं की भिंगासारखं एका बिंदूत जमतं आणि कागद जळतो. सूर्य जसा सरकतो तशी जळकी रेघ सरकते, ढग आला की तुटते. संध्याकाळी सूर्य मावळला की कार्ड काढायचं, मागे तारीख लिहायची, उद्याचं कार्ड लावायचं. दिवसभरात किती तास ऊन होतं ते त्या रेघेच्या लांबीवरून कळतं. अशी सहा वर्षांची कार्डं सहा खोक्यांत भरून आमच्या ऑफिसात येऊन पडली होती, आणि ती वाचायचं काम माझ्याकडे होतं.

हे सगळं मला नवीन नव्हतं, कारण माझ्या बाबांनी उभा जन्म तेच केलं होतं. देशावरच्या एका तालुक्याच्या गावी ते वेधशाळेत निरीक्षक होते. लहानपणी घरात रद्दी कार्डांच्या मागे मी गणितं केली आहेत.

त्या हिवाळ्यात मला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, निदान आमच्याकडे तरी तसंच. पण माझी आई आदल्या वर्षी गेली. नवरा आयटीत, त्याचा क्लायंट कार्डिफला, म्हणजे सोमवारी पहाटे गाडी घेऊन निघायचा तो शुक्रवारी परत. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. तेव्हा मी हट्टच धरला की माहेराने इकडे यायचं. आणि माझं माहेर म्हणजे आता एकटे बाबाच उरले होते.

ते आले. हीथ्रोवर लोकरी टोपी, मफलर आणि एवढ्या थंडीत सॅंडल. एका बॅगेत त्यांचे कपडे, दुसरीत मावशीने भरून दिलेले डिंकाचे लाडू, आळीव, ओवा, बाळंतशेपा आणि एक वही. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बाळंतिणीला काय, कधी, किती द्यायचं ते तिने फोनवरून सांगितलं होतं आणि बाबांनी ते वेधशाळेच्या रजिस्टरसारखं रकाने आखून उतरवून घेतलं होतं. आळिवाच्या खिरीपुढे त्यांनी ‘ढवळणे : सतत’ असं लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी परत जायची भाषा काढली. फेब्रुवारीअखेर जातो म्हणाले. माझी तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. मी आधी चेष्टेवर नेलं, मग समजावलं, मग चिडले. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, घरी तुमची वाट बघणारं कुणी नाही, आणि सोमवार ते शुक्रवार मी इथे एकटी, मग जायचंय कशाला? त्यावर ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, की अशा वेळी बाईमाणूस लागतं, मी नुसता मध्ये मध्ये येईन. मावशीला बोलव, तिच्या तिकिटाचं मी बघतो. मावशीला व्हिसा मिळून ती येईपर्यंत बाळ चालायला लागलं असतं. पण मुद्दा तो नव्हताच. मला मावशी नको होती, मला बाबा हवे होते. आईनंतर या जगात मला लहानपणापासून ओळखणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि ते नेमकं त्या दिवशी आपल्याजवळ असावं असं मला वाटत होतं. हे मी त्यांना असं कधी बोलले नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती.

म्हणून मी डाव टाकला. पोट वाढल्यामुळे मॅनेजरने मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली होती आणि खोके घरी न्यायलाही हो म्हटलं होतं. मी पहिला खोका डायनिंग टेबलावर आणून ठेवला आणि म्हटलं, बाबा, काम माझंच आहे, पण मी बरोबर वाचतेय का तेवढं बघा.

त्यांनी चष्मा बदलला. एक कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, नाकाजवळ नेऊन चक्क वास घेतला. मग मी भरलेला तक्ता बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं.

“हे टोकापासून टोकापर्यंत मोजलंयस तू?”

“मग कसं मोजायचं?”

मग माझी शिकवणी झाली. ढगाआडून ऊन क्षणभर डोकावलं तरी कागदावर डाग मोठा पडतो, तेव्हा डागाची लांबी सगळी धरायची नसते, दोन्ही टोकांना थोडं थोडं सोडायचं असतं. नुसते ठिपके असतील तर दोन-तीन ठिपक्यांचा मिळून तासाचा दहावा भाग. माझ्याकडे इंजिनिअरिंगची मास्टर्स डिग्री होती आणि दोन आठवडे मी त्या देशाला फुकटचं ऊन वाटत बसले होते. बाबांना या गोष्टीचा इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा चहा मागितला.

त्यानंतर आमचा दिनक्रमच बसला. सकाळी बाबा रेडवेवरून, म्हणजे सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी असलेल्या तांबड्या रस्त्यावरून, एक चक्कर मारून यायचे. आल्यावर आकाशाचा अहवाल द्यायचे. तो रोज सारखाच असायचा, आठ अष्टमांश ढग, म्हणजे सगळं आकाश झाकलेलं. या देशात आमच्या खात्याचा माणूस कंटाळून मरेल, असं त्यांचं मत होतं. मग टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन मी. ते आकडा सांगायचे, तास आणि त्यापुढे तासाचे दशांश, मी भरायचे. “अकरा दोन. अकरा चार. दहा नऊ, दुपारी धूळ आलीय बघ.” बाहेर पाऊस रिमझिमत असायचा आणि आमच्या टेबलावर कोरडं, कडक ऊन पसरलेलं. दिवसाला शंभरेक कार्डं व्हायची. मध्येच ते उठून खिचडी लावायचे. त्यांना तेवढीच येत होती.

तिथल्या निरीक्षकाशी बाबांची त्यांच्या परीने ओळखच झाली. तारखेचं अक्षर तेच, कार्ड कायम काटेकोर मध्यावर बसवलेलं. हा आपल्यातला आहे, बाबा म्हणायचे. एवढ्या धुळीत गोळा रोज पुसत असणार, नाहीतर रेघ इतकी स्वच्छ येत नाही. एकदा म्हणाले, याचा साहेब याला कधी शाबासकी देत असेल का कोण जाणे. वर्षानुवर्षं भेट न झालेल्या मित्राबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलायचे, आणि मला वाटायचं, चला, माझा डाव जमतोय. फेब्रुवारीअखेरचा विषय त्यांनी आठवडाभर काढला नव्हता.

पाचव्या खोक्यात मार्चच्या कार्डांपाशी ते अडखळले. आधी एक बाजूला ठेवलं, मग दुसरं. पाहता पाहता अकरा कार्डं त्यांनी टेबलावर ओळीने मांडली आणि चष्मा काढून पुसला.

मी काय झालं म्हणून विचारलं. माझ्या दृष्टीने ती सगळ्यात सोपी कार्डं होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसंध रेघ, कुठे खंड नाही.

“यांना सकाळ नाही,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी दाखवलं. खरा सूर्य उगवतो तेव्हा त्याच्यात जोर नसतो. कार्डावर आधी नुसतं फिकट करपल्यासारखं होतं, मग बारीक रेघ, मग ती हळूहळू रुंद आणि काळी होते, आणि संध्याकाळी पुन्हा तशीच विरत जाते. या अकरा कार्डांवर रेघ एकदम जाड सुरू होत होती आणि जाडच संपत होती. म्हणजे कुणीतरी भर दुपारी साधं भिंग हातात धरून ती ओढली होती. नीट बघितल्यावर हात हलल्याचंही दिसत होतं. अकरा दिवस तो माणूस जागेवर नव्हता, बाबा म्हणाले. खरं कार्ड तितके दिवस तसंच राहून एक रुंद पट्टा जळाला असणार, तो याने फेकून दिला आणि परत आल्यावर ही करून ठेवली.

मला कौतुकच वाटलं त्यांच्या नजरेचं. पण ते रागावले होते. कामचुकार, म्हणाले. चोर. माझ्या अख्ख्या नोकरीत एक कार्ड चुकलं नाही. तापात गेलो, संप होता तेव्हा गेलो.

“तू झालीस त्या दिवशीसुद्धा चुकलं नाही,” ते म्हणाले.

ही गोष्ट मला पाठ होती. मी तीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात सकाळी जन्मले आणि बाबा पोचले रात्री आठला. आई ती नेहमी हसून सांगायची. म्हणायची, तुझ्या बाबांनी आधी सूर्याला घरी पोचवलं आणि मग ते तुला बघायला आले. आम्ही सगळे हसायचो, बाबाही. पण त्या दिवशी आठव्या महिन्याचं पोट घेऊन त्या टेबलाशी बसलेली असताना मला काही हसू आलं नाही. मी म्हटलं, “आणि त्या दिवशी आई एकटी होती, त्याचं काय?”

मावशी होती, असं ते पुटपुटले. मग उठून आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता तिकीटवाल्याला फोन केला आणि अठ्ठावीस फेब्रुवारीच्या विमानाची चौकशी केली. जागा मिळाली ती मार्चच्या दहा तारखेची. माझा डाव माझ्याच तोंडाने मी उधळला होता. शुक्रवारी नवरा आला, तेव्हा मी त्याच्यावर सगळा राग काढला. तो बिचारा म्हणाला, “अगं, मी क्लायंटशी बोलून बघतो, पण एप्रिलमध्ये गो-लाइव्ह आहे, त्यांची सिस्टीम सुरू होणार, टू वीक्सच्या पॅटर्निटीपेक्षा जास्त मिळणं इम्पॉसिबल आहे.” मला ते माहीत होतं. मला फक्त कुणावर तरी ओरडायचं होतं.

ऑफिसात मी मॅनेजरला अकरा कार्डं दाखवली. सहा वर्षांत अकरा दिवसांनी सरासरी हलत नाही, पण एकदा खोटं सापडलं की बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न होताच. पठाराची जागा बाद करायची किंवा खुलासा मागवायचा, एवढेच दोन रस्ते होते. खोके पाठवणाऱ्या तिथल्या इंजिनिअरला मी ईमेल लिहिली. हा गृहस्थ अतिशय अदबशीर होता, प्रत्येक ईमेलच्या सुरुवातीला माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्या प्रकृतीची चौकशी करायचा. दोन आठवडे त्याचं उत्तर आलं नाही. बाबांनी तेवढ्यात सहावा खोका संपवला. आकडे सांगण्यापलीकडे आम्ही फार बोलत नव्हतो. त्यांची बॅग भिंतीशी अर्धी भरलेली होती.

उत्तर आलं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मी ते छापून घरी आणलं आणि बाबांपुढे ठेवलं, कारण ते मला वाचून दाखवणं जमलं नसतं.

इंजिनिअरने त्या निरीक्षकाला शोधून काढलं होतं. तो आता निवृत्त होऊन आपल्या गावी राहत होता. विचारल्यावर त्याने काहीच लपवलं नाही. त्या मार्चमध्ये त्याच्या बायकोचे दिवस भरले होते, गाव तिथून एका दिवसाच्या वाटेवर, आणि ती अडली आहे असा निरोप ट्रकवाल्याकडून आला. वेधशाळेत दुसरा माणूस नव्हता. तो त्याच ट्रकमध्ये बसून निघाला. बायको वाचली, मूल वाचलं नाही. तो तिच्याजवळ थांबला आणि ती उठून बसल्यावर परत आला. रजा मागितली नव्हती म्हणून नोकरी गेली असती, तेव्हा त्याने भिंगाने कार्डं जाळली. शेवटी त्याने निरोप दिला होता की ते अकरा दिवस माझे आहेत, ते खुशाल काढून टाका, पण बाकीचे सगळे दिवस सूर्याचे आहेत, ते टाकू नका.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. मग घडी घातली, पुन्हा उघडला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत होते. बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि समोरच्या खुर्चीवर बस म्हणाले.

“तू झालीस तेव्हा मला निरोप आला होता.”

“माहितीये. आई सांगायची की.”

“आई निम्मंच सांगायची.” ते टेबलाकडे बघत बोलत होते. “निरोप असा होता, मुलगी झाली, पेशंट सीरियस आहे, ताबडतोब निघा. सकाळी अकराला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. तिला रक्त द्यावं लागलं, सही तुझ्या मावशीने केली. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची होती.”

“आणि तुम्ही?”

“मी थांबलो. दुसरा निरीक्षक रजेवर होता. म्हटलं, सूर्य मावळला की कार्ड काढतो आणि साडेसहाच्या एसटीने निघतो. मी गेलो असतो तर काय झालं असतं? एक कार्ड फुकट गेलं असतं. नऊ पॉइंट सात तास. त्या दिवसाचं रीडिंग.”

“इतक्या वर्षांनी लक्षात आहे तुमच्या?”

“ते आहे,” बाबा म्हणाले. “तुझं वजन किती होतं, ते नाही.”

मला त्यांचा राग आला होता, खरा, तिडीक जावी असा. आईने पंचवीस-तीस वर्षं त्या दिवसाची गंमत करून सांगितली, ती आम्हाला हसवायला नव्हे, त्यांना सांभाळायला, हे मला त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं की हा माणूस माझ्या बाळंतपणाला घाबरून पळत नव्हता. दवाखान्यात मी आत असताना तिथे बसायचा आपल्याला हक्कच नाही, असं त्यांना वाटत होतं. मी उठून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढंच मला सुचलं. त्यांचे केस फार विरळ झाले होते.

थोड्या वेळाने त्यांनी लॅपटॉप उघड म्हटलं. त्या अकरा तारखांसमोर काय लिहायचं ते ते सांगणार होते. मी म्हटलं, ऑफिस म्हणतंय ‘फॉल्स रेकॉर्ड’ लिहा. बाबांनी नकारार्थी मान हलवली. आकड्याचा रकाना रिकामा ठेव, म्हणाले, रिकामं म्हणजे खोटं नव्हे. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी मला इंग्रजीत लिहायला लावलं, की निरीक्षक रजेवर. अकरा वेळा. कॉपी-पेस्ट करते म्हटलं तर नको म्हणाले, प्रत्येक वेळी लिही. मी लिहिलं. त्याने न मागितलेली रजा इतक्या वर्षांनी माझ्या बाबांनी मंजूर केली, आणि मॅनेजरने तो शेरा वाचून, खाली खुलाशाची टीप जोडून, तसाच ठेवला. पठाराची जागा अहवालात राहिली.

मग त्यांनी विचारलं, “व्हिसा कधीपर्यंत आहे म्हणालीस?”

“सहा जुलै.”

“मग तिकीट त्या सुमाराचं करून घे.”

मी बरं म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त रडले.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, सकाळचा नाश्ता करतानाच कळा सुरू झाल्या. नवरा कार्डिफला. त्याला फोन केला, तो मीटिंगमधून तसाच निघाला. बाबांनी टॅक्सी बोलावली, मावशीची वही घेतली, गॅस बंद केला, पुन्हा जाऊन बघून आले. मिल्टन कीन्समध्ये दवाखान्यापर्यंत किती राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात ते मला त्या दिवशी समजलं. प्रत्येक वळणाला बाबा ड्रायव्हरला “स्लोली, स्लोली” म्हणत होते आणि मी “फास्ट, फास्ट”.

मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी नर्स, प्रेमळ होती. तिने विचारलं, बर्थ पार्टनर कोण, म्हणजे खोलीत सोबत कोण थांबणार? मी म्हटलं, माझा हज्बंड येतोय. तिने बाबांना सांगितलं की वेळ लागेल, तुम्ही बाहेर बसा किंवा घरी जा, आम्ही फोन करू. बाबा दारापर्यंत गेले. माझ्या मनात आलं, जाऊ देत, एवढं आले तेच खूप झालं, कुठल्या तालुक्याच्या गावचा माणूस, त्याने हे का बघावं. मलाही लाज वाटत होतीच. पण पुढची कळ आली आणि माझ्या तोंडून आईला मारतात तशी हाक गेली, फक्त ती “बाबा” अशी गेली.

ते परत आले. खुर्ची माझ्या उशीशी ओढली, सगळ्या खोलीकडे पाठ केली आणि फक्त माझ्या चेहऱ्याकडे तोंड करून बसले. मिडवाइफला म्हणाले, “आय विल सिट हिअर ओन्ली.” तिने बरं म्हटलं. मग दुपारपर्यंत ते तसेच बसून होते. मी त्यांचा हात इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तो सुजला होता. ते मला घोट घोट पाणी पाजत होते, मध्येच मिडवाइफला सांगत होते की ही लहानपणापासून फार ब्रेव्ह आहे, आणि मी मराठीत त्यांना जे काही बोलले ते त्यांनी नंतर कधीही काढलं नाही. नवरा मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला होता. बाळ त्याच्यासाठी थांबलं नाही. मुलगी झाली. बाबांनी तरीही मागे वळून बघितलं नाही, मिडवाइफने तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हाच त्यांना ती दिसली.

संध्याकाळी नवरा येऊन, रडून, बाळाचे शंभर फोटो काढून झाल्यावर मावशीचा फोन आला. तिने सगळी चौकशी केली, वजन विचारलं. बाबांनी ते ग्रॅमपर्यंत सांगितलं. मग पत्रिका करायला द्यायची म्हणून तिने जन्मवेळ विचारली, आणि ती अर्थातच बाबांना विचारली, कारण आमच्या नात्यात कुठल्याही घटनेची वेळ त्यांच्याकडेच असते. फोन स्पीकरवर होता.

“अगं, ती इथल्या कागदावर असेल, मी विचारून सांगतो,” बाबा म्हणाले.

मावशीला नवल वाटलं. म्हणाली, अहो भाऊजी, तुम्ही तर तिथेच होतात ना?

“होतो ना,” बाबा म्हणाले. “घड्याळ नाही बघितलं गं. माझ्या मुलीकडे बघत होतो.”